मुळासकट

कपाटात एकूण त्रेचाळीस बाटल्या होत्या. चाळीस बाटल्यांत स्पिरिटमध्ये बुडालेलं काहीतरी काळं होतं, दोन रिकाम्या होत्या, आणि खालच्या फळीवरच्या एकीत, भाचीने वाकून नीट पाहिलं तेव्हा, फुगलेली मनुका होती. देठासकट.

भाची पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. माणसांच्या अंगातून काढलेले तुकडे कापायचे, रंगवायचे आणि काचपट्टीवर चढवायचे, हे तिचं रोजचं काम. त्यामुळे मनुका कोणती आणि माणूस कोणता, एवढा फरक तिला कळत होता. मलमवाल्याला तो कळत असावा असं दिसत नव्हतं.

"ही सगळी मुळं," मलमवाला कपाटाकडे हात करून म्हणाला. "कॅन्सरची. एकेका बाटलीमागे एकेक बरा झालेला माणूस आहे."

"ती माणसं आता कुठे असतात?"

"बरा झालेला माणूस परत कशाला येईल, ताई?"

"मेलेलाही येत नाही."

"गप गं!" मामा खेकसला. खेकसताना त्याच्या नाकातून बारीक शीळ वाजली.

या शिळेसाठीच भाची इथवर आली होती. मामाच्या डाव्या नाकपुडीवर मसुराएवढी गाठ आली होती. तपासणीत ती कॅन्सरची निघाली, पण सावकाश वाढणारी, दूर पसरायची घाई नसलेली. गाठ आणि तिच्याभोवतीची थोडी चांगली कातडी काढू, काढलेल्या तुकड्याची कड कॅन्सरपासून मोकळी आली की सुटलात, असं सर्जनने सांगितलं होतं. मामाने तारीख घेतली, सुरीच्या धाकाने मोडली आणि या मलमवाल्याच्या पायऱ्या चढला. दोन लेपांनंतर नाकपुडीवर काळी खपली धरली आणि खपली पडली, ती नाकपुडी घेऊनच पडली. उरलेल्या भोकातून वारा शिरायचा. मामा त्याला 'मोकळं झालं' म्हणायचा.

सर्जनने परवाची नवी तारीख दिली होती. आणखी एक लेप लागला तर शिवायला नाकच उरणार नाही, असंही बजावलं होतं. आणि मामा तिसऱ्या लेपासाठी खुर्चीत मान मागे टाकून बसला होता.

"डॉक्टर लोक आंधळेपणाने कापतात," मलमवाला म्हणाला. "आमचं मलम निवडून घेतं. सगळं झाडपाल्याचं. चांगल्या कातडीला ढुंकून बघत नाही, वाईट तेवढं मुळासकट ओढून काढतं." बोलता बोलता त्याने कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे चढवले.

"तुमची कातडी वाईट आहे का?" भाचीने विचारलं.

"म्हणजे?"

"चांगल्या कातडीला ढुंकून बघत नाही म्हणता. मग हातमोजे कोणापासून लपायला?"

मलमवाला हसला. असं हसणं दुकानात ठेवणीतलं असतं, गिऱ्हाईक नाठाळ निघालं की बाहेर काढायचं. "स्वच्छता, ताई."

"मग मनगटावर एक ठिपका लावून दाखवा."

"चांगल्या माणसावर औषध वाया कशाला घालवायचं?"

मलमाच्या डबीच्या मागे बारीक अक्षरांत पाच वनस्पतींची नावं होती आणि सगळ्यात शेवटी, बहुधा छापणाऱ्याच्या प्रामाणिकपणामुळे, झिंक क्लोराइड. भाचीने डबी मामापुढे धरली. मामाने उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात घालवला होता.

"मामा, हे ओळखीचं वाटतं?"

मामाने सवयीने खिशातलं भिंग डोळ्याला लावलं.

"डाख देऊन जोडायच्या आधी पितळेला लावायचं पाणी," तो पुटपुटला. "गंज खातं."

"तुझ्या टेबलावरच्या त्या बाटलीला हात लावला म्हणून लहानपणी मला धपाटा कोणी घातला होता?"

"ते वेगळं गं. तेव्हा तू लहान होतीस," मामा म्हणाला. "आणि मूळ निघालंय माझं. या डोळ्यांनी बघितलंय, पांढऱ्या तंतूंसकट. ती बघ बाटली, वरच्या फळीवर."

"ते तंतू कातडीखाली सगळ्यांना असतात. मामा, एखाद्याने घड्याळातून चाक उपटून तुझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाला, झालं दुरुस्त, तर?"

"त्याच्या कानाखाली काढेन."

"मग?"

मामाच्या नाकात शीळ वाजली.

"एक काम करू," भाची म्हणाली. "ते मूळ मला दे. त्याच्या खालच्या बाजूला हिरवी शाई लावते, म्हणजे चेहऱ्यापासून सुटलेली कड कोणती ते कळेल. कॅन्सरच्या पेशी आणि हिरवी कड यांच्यात केसाएवढं जरी अंतर निघालं, तरी मूळ निघालं म्हणायचं. मग तू खुशाल दहा लेप लाव, मी तोंड उघडणार नाही. पण पेशी कडेला टेकलेल्या असल्या, तर उरलेल्या तुझ्या चेहऱ्यातच आहेत. मग परवा मुकाट्याने सर्जनकडे."

"बाटल्या इथून हलत नाहीत," मलमवाला घाईने म्हणाला. "पुढच्या रुग्णांना धीर येतो."

हे मात्र मामाला झोंबलं. दुरुस्तीला आलेल्या घड्याळाचा मोडका काटासुद्धा तो पुडीत बांधून गिऱ्हाइकाला परत देत आलेला माणूस.

"नाक कोणाचं?" तो खुर्चीतून उठला. "काढ खाली."

"अहो काका, लेप तयार आहे, वाळून जाईल—"

"तर मग तुझ्या मनगटाला लाव."

मलमवाल्याने बाटली काढून दिली. देताना त्याने पुढच्या रांगेत पडलेली फट खालची मनुकेची बाटली वर आणून बुजवली.

प्रयोगशाळेत भाचीने मुळाला शाई लावली, मेणात बसवलं आणि पातळ काप काढले. आपलं माणूस म्हणून मोजमाप तिने स्वतः केलं नाही. ते पॅथॉलॉजिस्ट बाईंनी केलं, तुकडा कोणाचा हे न विचारता.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ती अहवाल घेऊन मामाच्या घरी गेली. मामीने दवाखान्याची पिशवी आधीच भरून दारात ठेवली होती.

"मी म्हटलं, निकाल काहीही लागो," मामी म्हणाली, "शीळ वाजवणाऱ्या माणसाशेजारी मला झोप येत नाही."

"आधी वाचू तर दे," मामा म्हणाला. त्याने कागद खिडकीपाशी नेला, भिंग डोळ्याला लावलं आणि एकेका शब्दावर बोट ठेवत मोठ्याने वाचायला लागला.

"तुकड्याचा आकार चौदा बाय नऊ बाय चार मिलिमीटर. जळालेली त्वचा, चरबी, नाकाच्या कूर्चेचा तुकडा. खालच्या थरात कॅन्सरच्या पेशी. हिरव्या कडेपासून अंतर, शून्य मिलिमीटर."