बाजेच्या उंचीची गाडी

“काकी, तुमी हितं सावलीत बसा. खुर्ची टाकतो,” हारिस म्हणाला.

त्यानं खुर्ची टाकली, फडक्यानं पुसली आणि कौसल्याबाईंकडं पाठ करून तो त्यांच्या लेकाला, इंद्रजितला, गाड्या दाखवायला लागला. बारामतीत भिगवण रस्त्याला हारिसच्या वडिलांचं जुन्या गाड्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे तारेचं कुंपण, आत ओळीनं उभ्या केलेल्या गाड्या आणि टोकाला एक खोली. आपल्यालाच गाडी घ्यायची आहे अशा थाटात इंद्रजित एकेका टायरला बुटानं ठोकरत पुढं निघाला होता.

कौसल्याबाई काही खुर्चीत बसल्या नाहीत.

“अरं ए हारिस, गाडी कोण घेतंय?”

“इंद्रजितदादा घेत्यात न्हवं?”

“दादा माझ्यासंगं आलाय. खुर्ची त्याला दे. बूट आपटून आपटून पाय दुखलं असत्याल त्याचं.”

श्रेया, इंद्रजितची लेक, ओढणी तोंडाशी धरून हसली. इंद्रजितनं तिच्याकडं डोळे वटारून बघितलं. तो पिंपळीच्या सोसायटीचा संचालक होता. चारचौघांत आई असं काही बोलली की त्याच्या कडक इस्त्रीच्या शर्टालासुद्धा सुरकुत्या पडायच्या.

“बरं काकी,” हारिस ओशाळून म्हणाला, “तुमीच सांगा, कसली पायजे?”

“टप निघणारी. अर्धं न्हाय, समदं. वर बघितलं की आभाळ दिसलं पायजे. आन गिअर नगं. ही पोरगी चालवणार, तिला स्कुटी येती. लायसन काढलंया, पण बाप किल्ली देत न्हाय. एकदा पाटाच्या पुलावर गिअर चुकला आन गाडी मागं आली, ते धरून बसलाय. शिवाय गिअरच्या गाडीला झटकं बसत्यात. मला झटका चालायचा न्हाय.”

“काकी, अशा गाड्या हौसेच्या असत्यात. मुंबई-पुण्याची पोरं घेत्यात.”

“मग मला हौस नसती व्हय?”

असं म्हणून त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि सुतळीचा एक तुकडा बाहेर काढला. सुतळीला एक गाठ मारलेली होती. “आन सीट जमिनीपास्नं हितवर पायजे. खाली न्हाय, वर न्हाय.”

हारिस त्या गाठीकडं बघतच राहिला.

ती गाठ नकोशीच्या बाजेच्या उंचीची होती. नकोशी म्हणजे कौसल्याबाईंची धाकटी बहीण. चौथीही मुलगीच झाली म्हणून बापानं तिचं नाव ते ठेवलं, आणि उभ्या जन्मात ते बदलायचं कुणाला सुचलं नाही. तिला अंथुर्ण्याला दिलेली. वर्षापूर्वी ती न्हाणीत पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. या वयात ऑपरेशन झेपायचं नाही म्हणून डॉक्टरांनी हात वर केले. तेव्हापासून ती बाजेवर होती. लेकाचं, गोकुळचं, घर चांगलं स्लॅबचं. पण स्लॅबखाली सोफा होता आणि म्हातारी बाहेरच्या पत्र्याच्या खोलीत होती. उताणी पडायचं आणि पत्र्याला पडलेली भोकं बघायची, एवढंच तिला काम.

“अरं, बाज तरी अंगणात टाक तिची,” कौसल्याबाई भाच्याला म्हणाल्या होत्या.

“मावशी, अंगण रस्त्याला लागून हाय. लोक म्हणत्याल, म्हातारी बाहेर काढली.”

लोक. ज्यांच्यापैकी कुणी वर्षभरात नकोशीला घोटभर पाणी पाजलं नव्हतं, ते लोक. त्या दिवशी नकोशीनं बहिणीचं मनगट धरलं आणि एवढंच म्हणाली, “कौसे, मला एकदा आभाळाखाली ने.” कौसल्याबाईंनी हो म्हटलं. त्यांच्या ‘हो’ला पिंपळीत वजन होतं. घरी आल्यावर त्यांनी सांगून टाकलं की मला गाडी घ्यायचीय, माझ्या म्हशींच्या दुधाच्या पैशानं, आणि उघडी घ्यायचीय. आठवडाभर घरात कुणी धड जेवलं नाही.

तेवढ्यात खोलीतून बाबूलाल बाहेर आला. हारिसचा बाप. पूर्वी तो जनावरांच्या बाजारात बैलांची दलाली करायचा. कौसल्याबाईंचे मालक, कैलासवासी मानसिंगराव, आणि तो एका ताटात जेवलेले.

“या वहिनी. पोरगं काय दावतंय तुमाला?”

“पाठ दावत हुतं. आता वळलंय.”

बाबूलाल खळखळून हसला. त्यानं आधी एक लाल गाडी दाखवली. परदेशी बनावटीची, दोनच सीटा, बटण दाबलं की टप आपोआप घडी होऊन मागं जायचं. श्रेयाचे डोळे लुकलुकले. कौसल्याबाईंनी सुतळी लावली. सीट गाठीच्या पार खाली, घोट्याजवळ.

“ही गाडी हाय का पाट? बसल्याव उठवायला दोघं लागत्याल. आन सीट मागं झोपती का?”

“झोपत न्हाय. मागं जागाच न्हाय.”

“मग हिला तुमी लग्नात नवरदेवाला द्या.”

दुसरी जीप होती. काळी, उंच, वर कापडी टप, गिअर आपोआप पडणारे. श्रेयानं बाजूचा खटका ओढला तशी पुढची सीट सावकाश मागं कलली, जवळजवळ आडवीच झाली. कौसल्याबाईंनी सुतळी लावली. गाठ सीटच्या कडेला टेकली. त्या सुतळी बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या.

“एक सांगतो वहिनी,” बाबूलाल म्हणाला, “तुमच्यापासनं लपवायचं न्हाय. टप गळतंय. म्हणून तर परवडंल अशा भावात आलीया. हारिस, पाणी वत.”

हारिसनं बादली ओतली. ड्रायव्हरच्या बाजूला कोपऱ्यातून धार लागली.

“बघ, आई,” इंद्रजितला जोर आला. “गळकी गाडी कोण घेतं?”

“ज्याला टप लावायचंच न्हाय ते घेतं. पावसाळ्यात गोठ्यात बांधीन. आन पाऊस असा किती पडतो रं आपल्याकडं? पडतो पुण्यात, आपल्याला पाटानं येतो.” मग बाबूलालकडं वळून म्हणाल्या, “बैलबाजारातल्यावानी तीन हाका मारा आन टाळी द्या. ठरली.”

परतताना पिंपळीचा फाटा आल्यावर इंद्रजित म्हणाला, “उघड्या गाडीत डोक्यावरचा पदर तरी राहील का तुझ्या?”

“लगीन होऊन आले त्या दिसापास्नं पडला न्हाय. तुझ्या बापाला अग्नी दिला त्या दिवशी बी न्हाय. आता गाडीनं पडायला ती काय वावटळ हाय?”

मग तो एकदम मऊ आवाजात म्हणाला, “बरं. कागदपत्रं, सर्व्हिशिंग समदं करून मीच आणतो गाडी. तू नगं हेलपाटं घालू.”

कौसल्याबाईंना बरं वाटलं. लेकरू बापावर गेलंय, उशिरा का होईना कळतं, असं त्या त्या दिवशी म्हशीला म्हणाल्यासुद्धा.

गाडी यायला पंधरवडा लागला. मधे गोकुळचा फोन आला की आई जेवायला कुरकुर करतीय. कौसल्याबाई म्हणाल्या, “तिला सांग, येतेय मी. गाडी घिऊन येतेय.”

गाडी आली ती हॉर्न वाजवत आली. अर्धी आळी अंगणात गोळा झाली. सूनबाई रोहिणी आरतीचं ताट घेऊन पायरीवर उभी. इंद्रजितच्या हातात नारळ. गाडी चकचकीत होती, चाकाला लिंबू लावलेले होते, आणि कापडी टपाच्या जागी वर पत्र्याचं पक्कं टप होतं. बोल्ट मारून बसवलेलं. काचांना काळी फिल्म. पुढच्या काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सोनेरी अक्षरं.

“हे काय हाय?” कौसल्याबाईंनी विचारलं.

“तुला सांगितलं न्हवतं मुद्दाम. गळत हुतं न्हवं? पक्कं टप मारून घेतलं. एसी भरला. आता ऊन न्हाय, धूळ न्हाय. मावशीला बी बंद गाडीतनं झाकून नेऊ. तुझा मान हाय गावात, आई. तू अशी उघड्यावर…”

कौसल्याबाई दुसरी शिकलेल्या. त्यांनी काचेवरची अक्षरं एकेक जुळवली. “आ-ई-चा. आ-शी-र्वा-द.”

बायका कौतुकानं बघत होत्या.

“आशीर्वाद कुणी दिला?”

“तूच की,” इंद्रजित हसला.

“कवा?”

हसू ओठावरच राहिलं.

“मी तोंडानं सांगितलं, टप नगं. ते तुला ऐकू आलं न्हाय. आन जे मी बोललेच न्हाय ते काचभर चिटकवून आणलंस. म्हंजे आईचा आशीर्वाद पायजे, आई नगं. नकोशीच्या डोक्यावरचा पत्रा चुकवायला मी गाडी घेतली, तर तू गाडीलाच पत्रा ठोकून आणलास. आन वर नारळ फोडतुस.” त्यांनी त्याच्या हातातला नारळ काढून घेतला आणि रोहिणीच्या ताटात ठेवला. “चटणी कर ह्याची.”

“आई, लोकांपुढं माझी काय अब्रू…”

“तुझ्या अब्रूला बसव टप. माझ्या गाडीला नगं. श्रेया, बस.”

“आत्ता?”

“मग काय मुहूर्त बघू? किल्ली घे त्याच्याकडनं.”

श्रेयानं हात पुढं केला. इंद्रजितनं किल्ली दिली नाही. मुठीत धरून उभा राहिला. कौसल्याबाईंनी पोराच्या त्या मुठीकडं बघितलं. लहानपणी गुळाचा खडा लपवून तो अशीच मूठ धरायचा, तेव्हा त्या एकेक बोट उघडून खडा काढून घ्यायच्या. आता त्यांनी बोटाला हात लावला नाही. नुसतं बघत राहिल्या. आळीही बघत राहिली. शेवटी त्यानं किल्ली गाडीच्या बॉनेटवर ठेवली आणि तो आत निघून गेला.

बाबूलालच्या दुकानात हारिस पाना हातात घेऊन घुटमळला. “काकी, दादांनी बसवून घेतलंय. त्यांना एकदा इचारल्याबिगर…”

खोलीतून बाबूलालचा आवाज आला. “हारिस, गाडी आपण कुणाला इकली?”

“काकींना.”

“मग बोल्ट काढ.”

बोल्ट नवे होते, सहज निघाले. चौघांनी मिळून टप उचलून खाली ठेवलं, तसं गाडीत एकदम ऊन शिरलं. काचेवरच्या अक्षरांची सावली सीटवर पडली. श्रेयानं विचारलं, “आज्जी, हे पण काढायचं?”

“ऱ्हाऊ दे. नीट वागला तर लागंल त्याला.” मग खालच्या टपाकडं बघून त्या म्हणाल्या, “हे घरी पोच कर रं हारिस. माझ्या कोंबड्यांच्या खुराड्याला हुईल. त्यास्नी कुठं जायचंय?”

अंथुर्ण्याचा रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरलेला होता. सणसर गेलं, लासुर्णे गेलं. श्रेया हळू चालवत होती, मागचे हॉर्न देऊन देऊन दमले. कौसल्याबाई मागं बसल्या होत्या, पदराचं टोक दातात धरून. वारं पदर ओढत होतं, त्या सोडत नव्हत्या.

गोकुळ दारात आला आणि रस्त्याकडं बघायला लागला, कोण कोण बघतंय ते.

“बघू दे,” कौसल्याबाई म्हणाल्या. “तू बाज धर.”

बाज गाडीच्या दाराला आणून भिडवली. सीटची कड आणि बाजेची कड एका रेषेत आली. नकोशीला उचलावं लागलं नाही, चादरीसकट अलगद सरकवलं. ती कण्हलीही नाही. श्रेयानं सीट मागं कलती केली, उशी दिली आणि गाडी चालू केली. झटका बसला नाही.

पाटाच्या कडेला, जिथं झाडं संपतात आणि दोन्ही बाजूंनी ऊस तुटून रान मोकळं झालेलं आहे, तिथं त्यांनी गाडी थांबवली. नकोशी वर बघत होती. बराच वेळ नुसतीच बघत होती.

“कौसे, ती घार हाय का?”

“व्हय.”

“मला वाटलं, डोळ्यात काय आलं.”

नकोशीची पापणी हळूहळू मिटायला लागली. वर्षभर सावलीत पिवळ्या पडलेल्या त्या तोंडावर माघाचं ऊन सरळ पडलं होतं. तिनं झोपेतच डोळे आवळले. श्रेयानं इकडंतिकडं बघितलं. कापडी टप दुकानातच राहिलं होतं. छत्री नव्हती, टॉवेल नव्हता.

कौसल्याबाई मागच्या सीटवरून उठल्या. एका हातानं गाडीचा दांडा धरला आणि दुसऱ्या हातानं डोक्यावरचा पदर काढून बहिणीच्या डोळ्यांवर सावली होईल असा पसरून धरला.

पाटावरून एक मोटरसायकल येत होती. जवळ आल्यावर ती हळू झाली. पिंपळीचा दत्तोबा, सोसायटीचा चेअरमन. त्यानं कौसल्याबाईंना बघितलं, त्यांचे उघडे पांढरे केस बघितले, आणि चटकन मान खाली घातली.

“काय दत्तोबा, ठीक हाय न्हवं समदं?” कौसल्याबाईंनी विचारलं.

“व्हय काकी,” तो खालीच बघत म्हणाला आणि निघून गेला.

त्यांचा हात भरून आला होता. पदर त्यांनी हलवला नाही.