उलटा पीळ

प्राप्तीला व्याख्यानाची भीती कधीच वाटली नव्हती. परदेशी प्राध्यापकांसमोर ती तासभर बिनधास्त बोलायची. पण उद्या अलिबागच्या कॉलेजात मराठीत बोलायचं होतं, आणि पहिल्या रांगेत तिचे बाबा, बुधाजी, नवा सदरा घालून बसणार होते. ती भौतिकशास्त्रात 'स्ट्रिंग थिअरी'वर पीएचडी करत होती, आणि पाच वर्षं ते गावभर सांगत होते, "माजी पोर दोऱ्यांची डाक्टर होतंय." लोक विचारत, कुठल्या मिलमध्ये? बाबांना उद्याही काही कळलं नाही तर आपण या घरात पाहुणीच झालो, असं तिला मनापासून वाटत होतं.

म्हणून किहीमजवळच्या खळ्यावर, भाताचे भारे बांधले जात असतानाच, तिने तालीम सुरू केली.

"बाबा, सगळं जग बारीक तंतूंचं आहे, असं आम्ही समजतो. ते तंतू मी एका वेगळ्याच जगात नेऊन मांडते. तिथे प्रकाशाचा अख्खा किरण म्हणजे एक ठिपका."

"बरं," बुधाजी म्हणाले. त्यांचं 'बरं' म्हणजे डोक्यावरून गेलं.

"त्या जगात डावा पीळ आणि उजवा पीळ सारखे नसतात."

बुधाजींचे हात थांबले. पीळ हा त्यांचा प्रांत. "डावा पीळ? तो तुज्या आयशीचा!"

आई, ठमी, डावखुरी. पेंढ्याची दोरी वळली की तिचा पीळ उलटा पडायचा. लग्नापासून तीस वर्षं बुधाजी तिला एकच सांगत आले होते, "दोरी उलटी धर, म्हंजे सुलटी व्हते." ठमी कधी वाद घालत बसली नाही.

"मग धरा की उलटी," प्राप्ती म्हणाली.

बुधाजींनी ठमीची दोरी उचलली. शेंडा खाली केला, बुंधा वर केला, मग पुन्हा फिरवली. कशीही धरली तरी पीळ डावाच. शेजारी कापणीला आलेला सदा हसून हसून बेजार झाला.

प्राप्तीने घरातून बाबांचा दाढीचा आरसा आणून दोरीसमोर धरला. आरशातली दोरी हुबेहूब बुधाजींच्या पिळाची!

आता तिची जीभ सुटली. समोर सात भारे पडले होते, दोन ठमीने बांधलेले, पाच बुधाजींनी. "हे सात कण समजा. मी फक्त डावे पीळ मोजते. दोन असले की तंतू सरळ रेघेवर बसतो, सोपं गणित. आरशात बघा, डावे किती?"

"पाच," बुधाजी म्हणाले.

"मग तंतू चांगलाच वळणं घेतो, गणित डोकं खातं. दोन्ही गणितं एकमेकांच्या नात्यातली वाटतसुद्धा नाहीत. पण उत्तर तेच येतं! ते का, हेच मला उद्या सांगायचंय."

बुधाजींनी ठमीचा भारा दोरीला धरून उचलला, गदागदा हलवला. काडी निसटली नाही. मग स्वतःचा हलवून पाहिला. तोही तितकाच घट्ट.

"भारा तोच, मोजायची रीत येगली," ते सावकाश म्हणाले. "म्हंजे तुजी आय तीस वरसां बरोबर व्हती?"

"व्हय, बाबा." प्राप्तीने आरसा खाली ठेवला. 'भारा तोच, रीत येगली' हे तिच्या भाषणातलं सगळ्यात अवघड वाक्य बाबाच बोलून गेले होते.

"ठमे, आयकलंस का?"

ठमीने मान वर केली नाही. "मना ठावं व्हतं. तुमाला कलायला पोरीला डाक्टर व्हावं लागलं."