थोडं जड करूया

बास गिटारची सगळ्यांत जाड तार छेडली की क्षणभर ती तार राहत नाही. मधोमध फुगते, दोन्ही टोकांना निमुळती होते आणि चरख्याची एखादी धुरकट चाती फिरत असल्यासारखी दिसते. तार ताणलेली असेल तर चाती बारीक, सैल असेल तर पोट सुटलेली. आज तिचं पोट इतकं सुटलं होतं, की ते दांडीवरच्या धातूच्या पडद्यांना लागत होतं आणि प्रत्येक स्वरामागे रिकामा डबा खडखडल्यासारखा आवाज येत होता.

छोटीने तारेवर तळवा ठेवून तिला गप्प केलं.

"लागतेय," ती म्हणाली.

"कुठे? गुडघा का?" ड्रममागून फिटरने विचारलं.

"मला नाही हो. तारेला. पडद्यांना लागतेय."

"हां, मग ठीक आहे. गुडघ्याचं औषध नाही माझ्याकडे. ग्रीस आहे फक्त."

छोटी पन्नाशीला टेकली होती. वाचायचा चष्मा गळ्यात लोंबत असे. इस्पितळात, रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत, तिला सगळे मॅडम म्हणत. पण दर रविवारी दुपारी फिटरच्या पंपदुरुस्तीच्या शेडमध्ये पाऊल टाकलं की ती पुन्हा छोटी होई, आणि ते तिला आवडायचं. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, कोपऱ्यात उघडून ठेवलेल्या मोटारी, सगळीकडे तेलाचा आणि तापलेल्या तांब्याचा वास. प्रयोगशाळेतली नवी मुलगी एकदा म्हणाली होती, "मॅडम, तुम्ही गाण्याच्या ग्रुपमध्ये आहात म्हणे! सुगम संगीत का?" छोटी म्हणाली, "नाही गं. दुर्गम." मुलगी हसली, पण तिला कळलं नाही, आणि छोटीने समजावून सांगितलं नाही. हेवी मेटल म्हणजे काय, हे सांगायला लागलं की माणसं आधी कानांवर हात ठेवतात आणि मग ऐकतात.

बँडचं नाव 'गंज'. कॉलेजात असताना छोटीच्या दादाने आणि त्याच्या एका मित्राने तो काढला. मित्र पुढे नगरपालिकेत पाणीपट्टीच्या खिडकीवर कारकून झाला, पण त्या काळी त्याचे केस कमरेपर्यंत होते आणि गिटार उधारीची होती. बँडचं नाव दोघांनी शर्टावर असल्या काटेरी अक्षरांत रंगवलं होतं, की आई म्हणाली, "हे काय, कुंपण काढलंय का?" पहिल्या वर्षी दुसऱ्यांची गाणी. मग स्वतःची, सगळी सैतान आणि स्मशानाची, कारण दोघांनीही आयुष्यात दुसरं काही पाहिलं नव्हतं, आणि तेही पाहिलं नव्हतं. ड्रमवाले टिकेनात. मग एकदा इमारतीचा पंप दुरुस्त करायला फिटर आला. काम संपल्यावर हात पुसत उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "मी बसून बघू का जरा?" तो बसला, तो बसलाच. बासवाला लग्न करून दूरच्या गावी गेला, तेव्हा दादाने बास बहिणीच्या गळ्यात अडकवली. "चारच तारा आहेत. चारपर्यंत येतं ना मोजता?"

"पेशी मोजते मी दिवसभर," ती म्हणाली होती.

"मग तर काय. त्या हलत असतील, या जागेवर असतात."

हळूहळू गाणी बदलली. सैतान गेला, त्याच्या जागी गिरणीचा भोंगा आला, रात्रपाळी आली, बापाचं आजारपण आलं. वेगही उतरला. कारकुनाचे केस गेले आणि मानदुखी आली. आता तो मानेला पट्टा लावून वाजवायचा, आणि मान हलवायच्या जागी भुवया हलवायचा.

आणि पट्टी उतरली.

गायचा तो दादा. पहिल्यांदा त्याला पडसं झालं होतं, म्हणून सगळ्यांनी तारा अर्धी पट्टी खाली घेतल्या. पडसं गेलं, पण तारा वर चढल्या नाहीत. कारकून म्हणाला, "असू दे की. जड वाटतंय छान." खरंच वाटत होतं. पट्टी खाली गेली की हा प्रकार पोटात उतरतो, जमीन हलते. पुढे दोनेक वर्षांनी एका गाण्यात दादा वरच्या स्वरावर अडखळला, खोकला, पाणी प्याला. कुणीतरी छताकडे बघत म्हणालं, "थोडं जड करूया का?" तेव्हापासून तो शब्द रूढ झाला. 'दादाला वर जाता येत नाही' असं कुणी म्हणत नसे. 'थोडं जड करूया' म्हणत. ऐकणारी तरुण पोरं खूश. 'गंज'सारखा जड आवाज कुणाचाच नाही, म्हणायची. छोटी दर वेळी आधीपेक्षा जाड तार आणायची. आता त्याहून जाड तार गिटारच्या खाचेत बसत नव्हती.

आणखी एक गोष्ट होती, जी छोटी कुणाशी बोलली नव्हती. दादाचा आवाज जिथे संपायचा, तिथे ती मागून स्वतःचा सुरू करायची. बेताने, त्याच्या आवाजाच्या सावलीत उभं राहून. ऐकणाऱ्याला वाटे, दादाच वर गेला. फिटर एकदा तिला हळूच म्हणाला होता, "जोड चांगला लावता हो. हात फिरवला तरी कळत नाही."

पुढे येऊन गावं असं तिला फार दिवस वाटत होतं. पण दादा आठवडाभर चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे उभा राहून मऊ आवाजात एकच वाक्य म्हणायचा, "आता खालची ओळ वाचा बघू." रविवारी माइकपुढे तो दुसराच कुणी असे. त्याची ती दुपार काढून घ्यायची, आणि ती बहिणीने? जीभ रेटत नव्हती.

आता पुढच्या शनिवारी सभागृहात कार्यक्रम होता, आणि पोरांनी हट्ट धरला होता तो 'भट्टी'चा. 'गंज'चं अगदी पहिलं स्वतःचं गाणं. त्याच्या शेवटी एक लांब, उंच किंकाळी आहे. ती नसेल तर 'भट्टी' म्हणजे नुसती चूल. दादा हो म्हणून बसला होता.

आज छोटी आली तेव्हा दादा तिच्याआधीच हजर होता. माइकचा दांडा नेहमीपेक्षा खाली होता.

"स्क्रू सैल झाला वाटतं," फिटर पान्हा शोधू लागला.

"असू दे," दादा म्हणाला. "चालू करा."

दोनदा 'भट्टी' वाजवून झाली होती. दोन्ही वेळा शेवट आला तसा दादा थांबला आणि पाण्याकडे वळला. छोटीनेही मागून आवाज लावला नाही. इतक्या उंचीवर जोड लपला नसता.

फिटरने काठ्या मांडीवर ठेवल्या.

"थोडं जड करूया का?" कारकून सवयीने म्हणाला.

"अजून?" फिटर म्हणाला. "ताईंची तार बघा. कपडे वाळत घालता येतील."

छोटीने दादाकडे पाहिलं. तो शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत होता. तिने खुंटी थोडी सैल केली आणि तार छेडली. स्वर आलाच नाही. नुसती फडफड, ओल्या टॉवेलसारखी. कारकून हसला, फिटर हसला, आणि सगळ्यांत जास्त दादा हसला.

"आपल्यापेक्षा हीच आधी म्हातारी झाली," तो डोळे टिपत म्हणाला.

हसणं ओसरलं. छोटीचा हात अजून खुंटीवर होता. तिने ती उलटी फिरवायला सुरुवात केली.

तार वर चढू लागली. आज होती ती जागा मागे गेली. गेल्या कार्यक्रमाची गेली. पडशाची गेली. ती थांबली नाही. कारकुनाने तिच्या बोटांकडे पाहिलं, मानेच्या पट्ट्यातून एक सुस्कारा सोडला आणि मुकाट्याने स्वतःच्या खुंट्या पिळायला घेतल्या.

"तुटेल हं, ताई," फिटर म्हणाला.

"तुटली तर दुसरी लावू. बारीक."

तुटली नाही. तिने छेडली. चाती बारीक झाली होती, पडद्यांना कुठेही लागत नव्हती, आणि स्वर असा सरळ निघाला की टेबलावरचे सुटे नट थरथरले.

दादाने डोळे मिटले. "हीच होती ना पट्टी? पहिली?"

"हीच."

"इथे मला जमायचं नाही, छोटे." गिऱ्हाइकाला नंबर वाढल्याचं सांगावं, तितक्या साधेपणाने तो म्हणाला.

"माहितीये."

"बऱ्याच वर्षांपासून जमत नाहीये."

"तेही माहितीये, दादा."

"मागून कोण गातं, तेही मला माहितीये. डोळे गेलेत माझे. कान शाबूत आहेत."

ड्रममागे फिटर खाली वाकून नसलेली लेस बांधू लागला. छोटीचा चेहरा तापला. दादा भिंतीपाशी गेला. गादीवरच्या खिळ्याला त्याची जुनी गिटार होती, अगदी सुरुवातीला गाता गाता वाजवायचा ती. धूळ त्याने बाहीनेच पुसली. कारकुनाशेजारच्या उलट्या पिंपावर तो बसला आणि कान तिच्याकडे करून म्हणाला, "दे तुझा स्वर."

तिने दिला. तो त्याला तार मिळवू लागला. मधे मधे "जरा खाली," "हां, पुढे," असं कारकून पुटपुटत होता, आणि दोघांचे चेहरे कॉलेजातल्यासारखे दिसत होते, फक्त केस सोडून.

माइक मोकळा उभा होता. छोटी त्याच्यापाशी गेली, दांडा वर करायला तिने स्क्रूला हात घातला. तो सैल नव्हता. घट्ट पिळलेला होता. मान उचलावी लागली नाही, वाकावं लागलं नाही. माइक तिच्या ओठांसमोर होता.

"चला," फिटरने काठ्या उचलल्या. "पहिल्यापासून ना?"

दादा खुंटीवरून नजर न हलवता म्हणाला, "थांब. आधी नक्की कळू दे. गाणार कोण?"

"मी," छोटी म्हणाली.