धुवायची राहिलेली राखदाणी

मी राखदाणी बोलतेय. नाक मुरडलंत ना? मुरडा, मला सवय आहे. आज तर त्याचंच कौतुक सांगायला बसलेय.

मी मातीची. घडवताना कुंभाराचा हात घसरला आणि माझ्या चार खाचांपैकी एक तिरकी झाली. दुकानात डागी माल म्हणून खालच्या फळीवर पडले होते. एका गिऱ्हाइकाने मला उचललं, तिरक्या खाचेत बोट घालून पाहिलं आणि म्हणाला, "हिच्यात सिगार गडगडणार नाही." त्या दिवसापासून मी त्याची.

हा सिगारच्या कारखान्यातला परीक्षक. सगळे त्याला 'नाकवाले' म्हणतात. सकाळी चहाच्याही आधी तो कारखान्यातल्या आपल्या खोलीत कामाला बसतो. समोर उंची सिगारी, पण नावाची पट्टी काढलेल्या, म्हणजे कुणाची भीडभाड नको. सिगार आधी नुसती हुंगायची, मग टोक कापून पेटवायची. धूर तोंडात घोळवून सोडायचा, वर घोटभर पाणी. तिसरा हिस्सा जळला की माझ्या खाचेत ठेवून आपोआप विझू द्यायची. चिरडलेली त्याला खपत नाही. "पाहुणीला मान मुरगाळून निरोप देतात का?" म्हणतो.

आणि या सगळ्याआधी मला आंघोळ! कढत पाणी, ब्रश, कोरडं फडकं. शिळ्या राखेचा वास खोलीत राहिला तर नव्या सिगारची पारख कशी व्हायची? बावीस वर्षांत एक दिवस चुकला नव्हता.

मग त्याला ताप आला. आठ दिवसांनी परतला तो मला न धुताच कामाला बसला. वाटलं, अशक्तपणा असेल. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. सिगार हुंगायचा, पण नंतर माझ्यातली राख न्याहाळत बसायचा. राख पांढरी आणि घट्ट दिसली की कागदावर 'उत्तम'. तेव्हा माझ्या लक्षात आलं, नाकवाल्यांचं नाकच गेलंय. अहो, राख फार तर पानं कशी वळलीत ती बांधणी सांगेल, चव कुठून सांगणार? मला घाम फुटला, पण बोलणार कशी?

अशातच नवा मोठा माल तपासणीला आला. त्याची सही झाली की दुपारी खोकी बंद होऊन बाजारात जाणार होती. त्याने पेन उचललं आणि तेवढ्यात त्याची बायको घरी राहिलेला चष्मा घेऊन आली. ती याच कारखान्यात पानं निवडते. दारातच तिने पदर नाकाला लावला.

"अहो, ही राखदाणी किती दिवस धुतली नाहीत? वास येत नाही का?"

"येतो की."

"सकाळी दूध करपलं होतं. तुम्ही पेला रिकामा केलात. तेव्हाच मला शंका आली."

तिने न पेटवलेली सिगार उचलून हुंगली. "कुबट आहे ही. पानांना ओल लागलीय."

"अगं, हळू बोल. या वयात मला दुसरं काय येतं?"

"खोटी सही तरी कुठे येते तुम्हाला? पेन अजून कागदाला टेकलेलं नाही."

त्याने पेन ठेवलं आणि कारखान्याच्या मालकीणबाईंकडे जाऊन सगळं सांगून टाकलं. त्यांनी त्याला बसायला खुर्ची दिली. मग म्हणाल्या, "नाक येईल परत. कारखान्याचं नाव गेलं असतं तर ते कुठून आणलं असतं?" माल परत गेला आणि बायकोची बदली आमच्या खोलीत झाली. ती हुंगायची, तो बांधणी बघायचा. माझ्या मनावरचं ओझं उतरलं.

मला धुवायला मात्र तिला मनाई होती. रोज सकाळी तो आधी मला नाकाशी धरायचा, मान हलवायचा आणि मग धुवायचा. असे दोन महिने गेले.

आज त्याने मला नाकाशी धरलं आणि एकदम झटक्यात लांब केलं.

"शी! काय घाण वास येतोय गं हिला!"

बायको फडकं टाकून धावत आली. दोघंही हसत होते, डोळे पुसत होते. जन्मभर शिव्याच खाल्ल्या मी, पण इतकी गोड एकही नव्हती.

बाबांनो, तुमच्या घरची राखदाणी रोज धूत जा, एवढंच मागणं. माझी आंघोळ आज लांबली तरी तक्रार नाही. तो अजून मला हुंगतोय.