अर्ध्या डब्याला कल्हई

मी एक जुना पितळी डबा आहे, एकावर एक बसणाऱ्या चार वाडग्यांचा. मित्रांनो, उभा दिसतो म्हणून मला ताठ समजू नका. दांडीच्या आधाराने उभा आहे.

एकोणीसशे बारा साली मंगरूळपीरच्या नथ्थू तांबटाने मला घडवले, पण बेत मनकर्णाबाईंचा. नवरा उकंडराव आणि दीर जगदेव यांचे शेत एक, तोंडे मात्र दोन दिशांना. भावांनी एकत्र जेवावे, एवढाच बाईंचा हट्ट. त्यांनी राखेत बोटाने आकृती काढली. वरच्या वाडग्याचे बूड तेच खालच्याचे झाकण. उतरवले की वाढायची भांडी, रचले की उरलेल्याची साठवण.

“बाई, हरेकाले अलग झाकन करू काय?” नथ्थूने विचारले.

“नोको रे बापा, वरून एकच कर. झाकनं अलग झाली का चुली अलग व्हायले येळ लागत नाई.”

वीस वर्षे मी शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उतरलो आणि रचला गेलो. वरणाचा घट्ट भाग आधी कोण ओढतो, शेवटची भाकरी ‘घे, घे’ म्हणत स्वतःकडे कोण सरकवतो, सगळे मला पाठ आहे. वाखाणायला दोघे भाऊ, घासणे एकट्या बाईंच्या नशिबी.

मग वाटणी झाली. पंच इतके न्यायी, की त्यांनी माझेही वाटे पाडले! दोन वाडगी आणि झाकण उकंडरावांना, दोन वाडगी आणि दांडी जगदेवला. एकाला नेता येईना, दुसऱ्याला झाकता येईना.

कल्हई विटली, तेव्हा जगदेवने आपला वाटा शेलूबाजारला नेला. कल्हईवाला हसला, “अर्ध्या डब्याले कल्हई? पुरा आन ना भाऊ!” चारचौघांत हसे झाले. भावाकडे मागायचे तर मान आडवा आला. जगदेव तसाच परतला.

एका दुपारी ताकाची कढी माझ्या उघड्या पितळेत कळकून विषारी झाली. ती खाऊन जगदेव धुऱ्यावर ओकत लोळू लागला. पलीकडून उकंडराव धावले. पाणी पाजले, पाठ चोळली, कढी उपडी केली.

“मले काहून नाई सांगतलं बे?”

“दादा, तू देलं असतं काय झाकन?”

उकंडराव घरी जाऊन आपली दोन वाडगी आणि झाकण घेऊन आले. जगदेव उठून बसल्यावर त्यांनी चारही वाडगी दांडीत ओवली आणि स्वतः मला कल्हईला घेऊन गेले.

चुली अजून दोनच आहेत. पण दोन वाडगी इकडे भरतात, दोन तिकडे, आणि दुपारी मी धुऱ्यावर उतरतो. माझे काठ चेपले आहेत. बाईंना झाकण दोनदा दाबावे लागते. थकलो आहे मी. मित्रांनो, भांडी घासा, वेळेवर कल्हई करा. आणि कधी वाटणीला बसलात, तर ज्याला झाकण एकच आहे ते आधी बाजूला ठेवा.