ओळ नंबर चारशे सतरा

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी राणी मेला.

म्हणजे पडद्यावर तसंच आलं. काळ्या चौकटीत पिवळी अक्षरं: 'राणी मेला आहे.' चारुलता सबनीसांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. राणी अजून मेलाच होता.

"ऋषी," त्या म्हणाल्या, "राणी मेला."

"हां मॅडम, बघितलं. गावात साथ आलीय ना. बरोबर आहे."

"राणी मेली."

"तेच तर म्हणतोय."

ऋषी चोवीस वर्षांचा होता, ऐरोलीहून मोटरसायकलवर यायचा आणि गेमचे प्रोग्राम लिहायचा. त्याचं मराठी ठीकठाक होतं. लिंग नावाची भानगड असते हे फक्त त्याच्या प्रोग्रामला कुणी सांगितलं नव्हतं. "मरायची ओळ एकच आहे मॅडम," त्याने समजावलं. "नाव बदलतं, पुढचं सेम. इंग्लिशमध्ये चालतं की."

"इंग्लिशमध्ये कुणीही मेलं तरी एकसारखंच मरतं. आपल्याकडे तशी सोय नाही."

दुपारपर्यंत त्यांनी सोय केली. 'यांचं निधन झालं' लिहिलं, की राजा असो वा राणी, कुणाचंच अडत नाही. मंगळवारी गावात पुन्हा साथ आली आणि पडद्यावर उमटलं: 'कोंबडी यांचं निधन झालं. रस्सा तयार आहे.' चारुलताबाईंनी ते तसंच सोडून दिलं. माणसाने लढाया निवडून लढाव्यात, आणि त्यांची खरी लढाई पुढेच होती.

गेमचं नाव 'रयत'. मूळचा परदेशी. त्यात एक मध्ययुगीन राज्य होतं आणि त्या राज्यातला कुणीही एक माणूस आपण व्हायचं, राजा म्हणा, लोहार म्हणा, नाहीतर धनगर. मग त्याचं आयुष्य जगायचं: शेत पिकवायचं, लग्न करायचं, शेजाऱ्याशी भांडायचं, म्हातारं होऊन मरायचं. हे सगळं माणूस फुकटात करतोच, त्यासाठी कॉम्प्युटर कशाला, असा प्रश्न चारुलताबाईंच्या यजमानांनी विचारला होता. इथल्या मालकाने, पार्थ नाडकर्णीने, तिकडच्या कंपनीकडून हा गेम मराठीत आणायची परवानगी मिळवली होती. सरदारांना पगड्या घातल्या, वाड्याला बुरूज काढले, वेशीवर मारुती बसवला. बर्फ मात्र प्रोग्रामच्या इतक्या खोल पोटात होता की काढता आला नाही. माघ महिना लागला की मारुतीवर हिमवर्षाव होई.

कचेरी तुर्भ्याला, औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्याच्या पहिल्या मजल्यावर. खाली मसाल्याची गिरणी. गिरणीत मिरची पडली की वर अख्खी कंपनी शिंकायची.

चारुलताबाईंनी पंचवीस वर्षं एका छापखान्यात पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासली. छापखाना बंद पडल्यावर कोपरखैरण्याच्या घरी बसून त्या सोसायटीच्या सूचनाफलकावरच्या चुका लाल पेनने सुधारू लागल्या. 'पाणि येणार नाहि' याचं त्यांनी 'पाणी येणार नाही' केलं. पाणी तरीही आलं नाही, आणि सेक्रेटरी मात्र त्यांच्या यजमानांना भेटून म्हणाले, "वहिनींना काहीतरी उद्योग बघा बुवा." त्याच आठवड्यात पार्थचा फोन आला, म्हणून त्या इथे होत्या. पुन्हा त्या फलकासमोर जाऊन उभं राहायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं होतं.

पार्थ त्यांचा जुना विद्यार्थी. पाचवी ते दहावी त्यांच्याकडे संध्याकाळी मराठीच्या शिकवणीला यायचा. तेव्हा तो 'पार्थ्या' होता आणि त्या 'बाई' होत्या. आता तो मालक होता आणि त्या 'मॅडम' होत्या. अडचण एवढीच, की त्याला हाक कशी मारायची ते ठरत नव्हतं. 'तू' म्हणावं तर चार माणसांत बरं दिसत नाही. 'तुम्ही' म्हणावं तर ज्याचा कान पिरगाळलाय त्याला 'तुम्ही' म्हणताना आपलंच आपल्याला हसू येतं. म्हणून गेले आठ महिने त्या "आज लवकर येणं झालं?", "चहा झाला का?", "इथे एक सही हवी होती" अशा बेताने बोलत आल्या होत्या. सवयीने ते इतकं सफाईदार झालं होतं, की आपण काही चुकवतोय हे त्यांच्याही ध्यानात राहिलं नव्हतं.

आणि नेमका हाच घोळ राज्यात होता. ओळ नंबर चारशे सतरा. मुळात इंग्रजीतले चार शब्द, अर्थ असा की तुला, तुम्हाला किंवा आपल्याला काय हवंय. राजा चोराला हेच विचारायचा, नोकर राजाला हेच, बायको नवऱ्याला हेच, आणि माणूस आपल्या बैलालाही हेच. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'.

"दोन ओळी कर ना," चारुलताबाईंनी पहिल्या महिन्यातच ऋषीला सांगून पाहिलं होतं. "मोठ्याशी बोलायची वेगळी, धाकट्याशी वेगळी."

"कोण मोठं, कोण धाकटं, हे गेमला माहीतच नाय मॅडम. ते टाकायचं तर चार हजार ओळी उघडायला लागतील. वर्ष जाईल."

शेवटी त्यांनी सगळीकडे 'आपण' घातलं. सभ्यतेने कुणाचं वाईट होत नाही, असा त्यांचा हिशेब.

बुधवारी सयाजीशेठ आले. वाशीच्या बाजारात कांदा-बटाट्याचे घाऊक व्यापारी, मूळ कोरेगावकडचे, आणि या कंपनीत पार्थचे भागीदार. "कांदा चार दिसांत नासतोय, ह्ये न्हाई नासत," या एका कारणावर ते या धंद्यात उतरले होते. मराठी जमलं की नाही याचा निवाडा तेच करणार होते. ते सरळ राजा झाले. दुसरं काही होण्याचा विचारही त्यांनी केला नाही.

दरबारात चोराला आणलं. राजा चोराला म्हणाला, 'आपल्याला काय हवं आहे?'

शेठनी पार्थकडे पाहिलं.

जल्लाद पुढे आला. 'आपण कृपया मान खाली घ्यावी.'

"ह्यो डोकं उडवतोय का हळदीकुंकवाला बोलवतोय?" शेठ म्हणाले. "आरं, आमचा हमालसुदिक मला 'आपन' म्हनत न्हाई. राजा चोराला म्हनतोय? मग राज्य चालतंय कशावर?"

"'तू' करून बघूया ना," पार्थ घाईने म्हणाला. शेठचा चहा होईतो ऋषीने सगळीकडे 'तू' करून टाकलं. शेठ पुन्हा गादीवर बसले. एक नोकर हातात ताट घेऊन आला आणि राजाला म्हणाला, 'तुला काय हवंय?'

"ए!" शेठ खुर्चीतून उठले. "कुनाला म्हनतो रं?"

"शेठ, तो कॉम्प्युटर आहे," ऋषी म्हणाला.

"म्हनून काय झालं? मी राजा हाय का घरगडी?" त्यांनी टोपी घातली. "शुक्रवारी येतो. जमलं तर जमलं. न्हाईतर विंग्रजीच ठिवा. निदान शिव्या तरी कळनार न्हाईत."

ते गेल्यावर पार्थ चारुलताबाईंच्या टेबलापाशी घुटमळला. "मॅडम, शुक्रवारी नाही जमलं तर मराठी काढून टाकावं लागेल. मग मराठीच्या डिपार्टमेंटचं काय ते..." वाक्य त्याने पुरं केलं नाही. मराठीच्या डिपार्टमेंटमध्ये एक टेबल, एक खुर्ची आणि एक चारुलताबाई होत्या.

"समजलं," त्या म्हणाल्या.

गुरुवारी दुपारपर्यंत त्यांनी 'आपण'ही खोडलं होतं, 'तू'ही खोडलं होतं, आणि 'तुम्ही' बैलाला लावून पाहून तेही खोडलं होतं. जेवणाच्या सुट्टीत पार्थ डबा घेऊन बाजूने गेला.

"जेवण झालं का?" चारुलताबाईंनी विचारलं.

"बसतोय आता."

"कालची फाईल बघून झाली का?"

"संध्याकाळी बघतो."

"मग आज उशिरापर्यंत थांबणं होणार असेल."

पार्थ गेला. ऋषी वडापाव हातात धरून त्यांच्याकडे बघतच राहिला होता.

"मॅडम, तुम्ही सरांशी हे कुठल्या टाइपचं मराठी बोलता?"

"कुठल्या म्हणजे?"

"ह्यात 'यू' कुठेय?"

चारुलताबाईंना चोरी पकडल्यासारखं वाटलं.

"'जेवण झालं का,'" ऋषी बोटांवर मोजू लागला, "हे राजाला चालेल. चोराला चालेल. बैलालापण चालेल! मॅडम, हे एवढे दिवस कुठे ठेवलं होतं?"

कुठे ठेवलं होतं! त्यांच्या सासूबाईंनी बेचाळीस वर्षांचा संसार 'ऐकलं का' आणि 'पान वाढलंय' या दोन वाक्यांवर निभावला होता. पहिल्यांदा घरी आलेला जावई, वयाने लहान पण नात्याने मोठा दीर, नुकते राहायला आलेले शेजारी, या सगळ्यांशी मराठी माणूस असाच तर बोलत आलाय. नोकरी जायची वेळ आली आणि उपाय आपल्याच तोंडात सापडला, याचा त्यांना आनंद होण्याऐवजी संतापच आला. आठ महिने!

'यू' असलेल्या सहाशे ओळी होत्या. शुक्रवारी दुपारी त्या संपल्या. चारशे सतरा नंबरची झाली 'काय हवं होतं?' जल्लाद आता म्हणत होता, 'मान खाली घेतलेली बरी.' लग्नाची मागणी 'लग्नाचं बघायचं का?' आणि राजाज्ञा 'उद्या गडावर हजर व्हायचं.' साऱ्या राज्यात 'तू' औषधालाही उरला नाही.

चार वाजता सयाजीशेठ राजा झाले. चोर आला, जल्लाद बोलला. शेठनी मान डोलावली. पार्थने सुटकेचा निःश्वास टाकला. मग राजा भोजनाला महालात गेला. नोकर म्हणाला, 'जेवायचं असेल तर वाढलंय.' राणी म्हणाली, 'शिकारीला जायचं तर जावं.' शेठनी लोहाराला हाक मारली. लोहार म्हणाला, 'काय हवं होतं?'

शेठनी माऊसवरचा हात काढून घेतला.

"ह्ये समदे माज्यावर रुसल्यात का?"

"नाही नाही शेठ," पार्थ म्हणाला.

"गप ए. तीस वरसं संसार केलाय मी. आमची मंडळी रुसली की हुबेहूब असंच बोलती. 'जेवान झाकून ठिवलंय.' कुनाला सांगती? भिताडाला!"

आता मात्र चारुलताबाईंना राहवेना. "शेठ, हा रुसवा नाही. यातला बराचसा भावे प्रयोग आहे."

"नाव कायबी आसू द्या बाई. राग त्यो रागच." शेठ पडद्याकडे वळले. त्यांचा आवाज खाली आला. "काय चुकलं आसंल माजं?"

पार्थने कपाळाला हात लावला. चारुलताबाईंना डोळ्यांसमोर सोसायटीचा फलक दिसला.

पण शेठ उठले नाहीत. त्यांनी धान्याचं कोठार उघडलं आणि रयतेला वाटून टाकलं. शेतकऱ्याकडे गेले. शेतकरी म्हणाला, 'काय हवं होतं?' "बगा, गेला न्हाई राग," शेठ म्हणाले आणि त्यांनी शेतसारा माफ केला. राणीला हार केला. राणी म्हणाली, 'कशाला एवढं?' शेठ कळवळले. हे वाक्य त्यांच्या चांगलंच ओळखीचं असावं. त्यांनी गावोगाव विहिरी खणल्या. जल्लादाला घरी बसवलं. चोराला बेड्या काढून सोडून दिलं, तर तो जाताना म्हणाला, 'निघायला हवं.'

"सोडलं तरी त्वांड फिरवूनच गेला," शेठ म्हणाले.

साडेसहाला राज्याचा खजिना संपला. सैन्य पगार नाही म्हणून निघून गेलं. मारुतीवर बर्फ पडत होता, आणि इतका चांगला राजा त्या गेमच्या इतिहासात झाला नसावा. शेठनी घड्याळ पाहून टोपी घातली.

"ऱ्हाऊ द्या मराठी," ते म्हणाले. "आन ह्या खेळाचं एक डबडं माज्या घरी पाठवा. ही मानसं मनवल्याबिगर मला चैन पडायची न्हाई." दारातून ते परत फिरले. "पर बाई, येवढा राग बरा न्हवं."

ते जिना उतरून गेले. चारुलताबाई कागद गोळा करू लागल्या. नोकरी राहिली होती, मराठी राहिलं होतं, आणि सहाशे शुद्ध, निर्दोष वाक्यं महाराष्ट्रभर रुसून बसलेली बायको म्हणून वाचली जाणार होती. रडावं की सेक्रेटरींना पेढे द्यावेत ते त्यांना कळेना.

पार्थ टेबलाशी येऊन उभा राहिला.

"काय हवं होतं?" त्या म्हणाल्या.

ते वाक्य दोघांनीही ऐकलं. ऋषीनेही ऐकलं, कारण त्याच्या कीबोर्डचा आवाज थांबला.

"बाई," पार्थ म्हणाला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच 'बाई'. "आठ महिने तुम्ही माझ्याशी असंच बोलताय. माझ्यावर रुसलाय का?"

'तसं काही नाही' असं त्या म्हणणार होत्या. त्यातही कुणीच नव्हतं.

"तू," त्या म्हणाल्या, आणि तो शब्द गाळ्यात जरा मोठ्यानेच वाजला. "तू दहावीत असताना 'रुसणे' लिहिताना दीर्घ रू काढायचास. शंभरदा सांगूनसुद्धा. तेव्हा रुसले होते. आता नाही."

पार्थने मान खाली घातली. तेवढ्यात खाली गिरणीत मिरची पडली आणि तो जोरात शिंकला, मग पुन्हा शिंकला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"तुझ्याकडे रुमाल आहे का, पार्थ्या?"

"मॅडम," ऋषी नाक दाबून ओरडला, "ह्यात 'यू' आला!"

"आला," चारुलताबाई म्हणाल्या. "लिहून ठेवू नकोस."