लोकाटाची लव

मार्गशीर्षात खाडीवरून खारे वारे येऊ लागले की ठाण्यातल्या साहेबाच्या बंगल्यात लोकाटाचे झाड फुलायचे, आणि त्याच्या मंद सुगंधाखाली एक कोरडा आवाज ऐकू यायचा, खसखस, खसखस. हिराबाई पाने पुसत असायची.

बागेला पाणी घालणारी ही आगरी बाई ताठ मानेची, कुणाचे मिंधेपण न सोसणारी. कुण्या जुन्या साहेबाने शोभेसाठी लावलेले ते सदाहरित झाड. ठाण्याच्या उष्म्यात त्याला फळ कधी धरलेच नाही. हिराबाईला त्याची खंत नव्हती. पानाच्या पाठीवरची तपकिरी लव घोंगडीच्या तुकड्याने घासून काढायची आणि मगच काढा उकळायचा, हे तिला बंगल्याच्या खानसाम्याने शिकवले होते. मिठागरावरच्या कितीतरी माणसांचा खोकला त्या काढ्याने निवला होता.

माझे वडील साहेबाच्या कचेरीत कारकून. मला खोकला झाला तेव्हा आईने पाने मागवली. हिराबाईने घोंगडीचा तुकडाही पाठवला. पण तिच्या हातचा तो तुकडा आमच्या सोवळ्याला चालेना. आईने पाने तीन पाण्यांनी धुतली आणि तशीच उकळली. ती लव माझ्या घशात अशी रुतली की दोन दिवस शब्द फुटेना. झाड विषारी आहे, असे वडिलांनी साहेबाला सांगितले. बिनफळाच्या झाडाला साहेब कंटाळलेलाच होता; त्याने ते तोडायला सांगितले.

दुसऱ्या सकाळी कुऱ्हाडवाले आले, वडिलांबरोबर मीही गेले, तेव्हा हिराबाई खोडाला पाठ लावून उभी होती. सरक म्हटले तरी सरकली नाही. तिथेच तीन दगडांवर तिने काढा उकळला, सगळ्यांसमोर प्याली आणि वडिलांकडे पाहत शांतपणे म्हणाली,

"झाराचा दोष नाय, भाऊसाहेब. पान पुसाचा रायला."

मग दुसरी वाटी तिने माझ्यापुढे धरली. वडिलांचा हात मला अडवायला उठला. मी वाटी घेतली आणि शेवटच्या घोटापर्यंत प्याले. घसा मऊ झाला. व्हरांड्यातून पाहणारा साहेब हसला आणि कुऱ्हाड परत गेली. विटाळ झाला म्हणून वडिलांनी घरी नेऊन मला थंड पाण्याने न्हाऊ घातले. मला त्याचा मुळीच राग आला नाही.

आज हिराबाई नाही. तिचे नाव काळाने कुठल्याही दप्तरात ठेवले नाही. पण घरात कुणी खोकले की माझी बोटे आधी पान पालथे करतात, आणि तिथून तिला पुसून टाकणे काळालाही जमलेले नाही.